मिनिटे वाचली, पण कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत नवा पूल किंवा बोगदा जाहीर झाला की बातमीत दोन आकडे हमखास असतात: खर्च किती कोटी आणि वाचणार किती मिनिटे. ही मिनिटे कोणाची, ते मात्र प्रकल्प अहवालाच्या परिशिष्टातच राहते.

वाचलेल्या वेळेची किंमत रुपयांत मांडताना ती सहसा उत्पन्नावरून काढतात. त्यामुळे कारमधल्या माणसाचा तास बसमधल्या माणसाच्या तासापेक्षा महाग ठरतो. समजा, कारवाल्याच्या तासाला १०० रुपये आणि बसवाल्याच्या तासाला ६० रुपये धरले. मग १,००० कारप्रवाशांचा एकेक तास झाला १,००,००० रुपयांचा आणि १,६०० बसप्रवाशांचा ९६,००० रुपयांचा. सहाशे माणसे जास्त असूनही बससाठी राखीव मार्गिका कागदावरच हरते! थांब्यावर ताटकळण्याचा वेळ किंवा नव्या रस्त्यामुळे चालणाऱ्याला पडणारा वळसा तर रस्त्याच्या हिशेबात बहुधा येतच नाही.

मुंबईचा सागरी किनारा मार्ग (कोस्टल रोड) १०.५८ किलोमीटरचा. त्यावर टोल नाही. दुचाकी आणि रिक्षांना मात्र बंदी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. मे २०२५ मध्ये बेस्टचे साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० वर गेले. पंधरा किलोमीटरचे तिकीट १५ वरून २० झाले, म्हणजे वाढ एक तृतीयांश. पाच किलोमीटरच्या आतले थेट दुप्पट. घरापासून स्टेशन गाठणारा नेमका याच टप्प्यात येतो: जाऊन-येऊन महिन्याचे २६ दिवस धरले तर २६० रुपयांचे ५२० झाले. धुणीभांडी करणारीच्या घरखर्चात ही रक्कम कळते. टोल आणि तिकीट यांची खाती वेगळी, हे मान्य. पण प्रवासी एकाच प्रदेशाचे आहेत.

वरळी कोळीवाड्याचे उदाहरण तर डोळ्यांसमोरचे आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्या जायच्या होत्या आणि आराखड्यात दोन खांबांमध्ये अंतर होते ६० मीटर. लाटा, वारा आणि ओढ एकत्र आली की होडी सरळ रेषेत राहत नाही, खांबाकडे ढकलली जाते. म्हणून मच्छीमारांनी जास्त रुंद वाट मागितली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या कामात २०२२ च्या अखेरीस मधला एक खांब गाळून १२० मीटर करायचे ठरले. हाच प्रश्न आराखड्याच्या टेबलावर पेन्सिलीने सुटला असता.

पर्यावरणीय जनसुनावणीचा २००६ चा नियम स्थानिक भाषेत फक्त पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश मागतो. मूळ अहवाल इंग्रजीत राहिला तरी चालते. रेल्वे आणि मेट्रो तर त्या नियमाच्या यादीतच नाहीत.

तेव्हा एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि महापालिकांनी प्रत्येक अहवालात एक तक्ता मराठीत जोडावा. पायी, सायकल, बस, लोकल, दुचाकी, कार असे रकाने. प्रत्येकाखाली वाचलेली मिनिटे, वाढलेला खर्च, धूळ-आवाज झेलणाऱ्या वस्त्या आणि हटणारी घरे. वेळेचा दर सगळ्यांना एकच धरावा. वेगळा धरायचा असेल तर निदान दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी छापावीत. आणि हा तक्ता निविदेनंतर नव्हे, मार्गरेषा ठरण्याआधी वॉर्ड कार्यालयात लावावा.

– एक वाचक, चेंबूर