मी-सनला ५० मिनिटे पुरत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिएतनामला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या अलीकडे वाढते आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र नुकतीच अशी एक सहल करून आल्यावर मनात राहिलेली खंत आपल्या वाचकांपुढे मांडाविशी वाटते. आमच्या कार्यक्रमात दानांगजवळच्या डोंगरावरील सोनेरी पुलासाठी संपूर्ण दिवस राखून ठेवला होता आणि मी-सनच्या प्राचीन मंदिरसमूहासाठी जेमतेम ५० मिनिटे. ही मंदिरे उभारणाऱ्या चाम लोकांच्या शिल्पांचे दानांगमधील संग्रहालय तर कार्यक्रमात नव्हतेच.

'मी-सन' म्हणजे सुंदर डोंगर. होई आन या जुन्या बंदरशहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यात चौथ्या शतकाच्या अखेरीस चंपा या चाम लोकांच्या प्राचीन राज्याच्या भद्रवर्मन राजाने शिवमंदिर उभारले आणि स्वतःच्या नावाला 'ईश्वर' जोडून त्या देवाला भद्रेश्वर हे नाव दिले. ते लाकडी मंदिर पुढे आगीत नष्ट झाले. सातव्या शतकात शंभुवर्मनाने ते पुन्हा बांधले, तेव्हा देव शंभुभद्रेश्वर झाला. तेराव्या शतकापर्यंत येथे मंदिरे उभी राहत गेली. ज्या विटांच्या सांध्यात चुन्याचा थर दिसत नाही अशा भिंती, रचून झालेल्या विटांवरच कोरलेल्या आकृती आणि संस्कृत व जुन्या चाम भाषेतील शिलालेख हे सारे पाहायचे तर एका जागी थांबावे लागते. आमचा वाटाड्या जाणकार होता, सांगण्यासारखे त्याच्याकडे पुष्कळ होते. परंतु त्याचे अर्धे लक्ष घड्याळाकडे होते.

१९६९च्या अमेरिकी बाँबहल्ल्यात येथील सर्वांत भव्य मंदिर कोसळले. अवशेषांच्या आसपास बाँबचे खड्डे आजही दिसतात. युद्धानंतर काझिमेश क्वियात्कोव्स्की या पोलिश वास्तुतज्ज्ञाने येथे जतनाचे मोठे काम केले, १९९९मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्यानंतरच्या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तीन समूहांचे जीर्णोद्धाराचे काम केले. त्याच कामात २०२०मध्ये नवव्या शतकातील अखंड वालुकाश्माचे शिवलिंग मिळाले. आपल्याच देशातील तज्ज्ञांनी उजेडात आणलेल्या त्या लिंगाची माहिती आमच्या गटातील कोणालाही नव्हती, याचे मला मनापासून वाईट वाटले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. 'ही तर आपलीच मंदिरे' हे उद्गार तिथे वारंवार कानी आले. त्यामागची आपुलकी मी समजू शकते, परंतु ही मंदिरे चाम लोकांची आहेत. देवाचे नाव आणि शिलालेखाची भाषा त्यांनी आपलीशी केली, पण वीट त्यांची, शिल्पशैली त्यांची आणि राजेही त्यांचेच. त्यांचे वंशज आजही व्हिएतनाममध्ये राहतात आणि फान रांगच्या पो क्लाँग गाराई मंदिरात 'काटे' हा उत्सव साजरा करतात. त्यांचा उल्लेखही न करता मी-सन पाहणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

इतर ठिकाणीही हीच घाई आड येते. हनोईच्या साहित्यमंदिराची, म्हणजे कन्फ्यूशियसला वाहिलेल्या मंदिराची, स्थापना १०७०ची. तेथे दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा उभ्या असून त्यांवर १४४२ ते १७७९ या काळातील सर्वोच्च राजपरीक्षांत यशस्वी झालेल्यांची नावे कोरली आहेत. परीक्षेला जाणारी मुले कासवांच्या डोक्याला हात लावीत, दगड झिजू लागला, म्हणून आता तिथे कठडा आहे. त्या कठड्यावरून वाकून छायाचित्रे काढणारे आपलेच सहप्रवासी पाहून संकोच वाटला. त्याच शहरातील त्रान क्वोक पॅगोड्यात राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी १९५९मध्ये भेट दिलेले बोधिवृक्षाचे रोप आता मोठे झाड झाले आहे. तिथे लोक रोज प्रार्थनेला येतात, तेव्हा खांदे व गुडघे झाकणारे कपडे आणि हलका आवाज एवढे तरी आपण पाळायलाच हवे.

बाजाराबाबतही थोडे. आपण जिला भवानी म्हणतो, ती पहिली विक्री व्हिएतनाममधील विक्रेत्यांनाही फार महत्त्वाची वाटते. सकाळच्या पहिल्याच गिऱ्हाइकाने घासाघीस करून रिकाम्या हाताने जाणे तिथे अशुभ मानतात. ज्यांना केवळ भाव विचारून पाहायचे आहेत, त्यांनी बाजारात थोडे उशिरा जावे.

सहल आखणाऱ्यांना माझी विनंती आहे की मी-सनसाठी एक पूर्ण सकाळ ठेवावी, तीही उन्हे चढण्यापूर्वीची, आणि आदल्या दिवशी चाम संग्रहालय दाखवावे. १९१९पासून खुल्या असलेल्या त्या संग्रहालयात मी-सनची अनेक उत्तम शिल्पे आहेत, आणि ती ज्या भिंतींमधून आली त्या भिंती खोऱ्यात आहेत. प्रवाशांनीही पैसे भरण्यापूर्वी कार्यक्रमपत्रिकेत या दोन्ही ठिकाणांना किती तास दिले आहेत, हे विचारून घ्यावे.

आपली,
एक वाचक