आमच्याकडेही खोकी आली

शहापूर, बेळगाव
आषाढीचा दुसरा दिवस

प्रिय बाळ्या,

शिव्या नंतर दे, आधी पत्र पुरतं वाच. फोनवर सांगितलं असतं, पण तू हसत सुटतोस आणि माझं सांगायचं तसंच राहतं. मी ठीक. गुडघा तसाच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

तर, आमच्या दुकानात खोकी आली. तुमच्या महाराष्ट्रातली नव्हेत, खरीखुरी पुठ्ठ्याची, ३२. आत सीड्या नि डीव्हीड्या. अभंग, भारुडं, लावण्या, आणि दोन खोकी कन्नड वचनांची. हेड ऑफिसातला नवा पोरगा म्हणतो, "बॉर्डरच्या माणसाला अजून सीडीच लागते, दिवाळीपर्यंत क्लिअर करा." पुरावा काय, तर अमेरिकेत ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या परत खपायला लागल्यात. मी म्हटलं, साहेब, खपल्या की. २०२२ साली ४ कोटी १० लाख. पण सीडीला मागं टाकून खपल्या, सीडी ३ कोटी ३० लाखांवरच राहिली. म्हणजे तुमच्याच आकड्यात चीतपट झालेला गडी तुम्ही आमच्या आखाड्यात सोडलाय! तर म्हणे, "पॉझिटिव्ह राहा."

परवा भर पावसात खानापूरकडचे एक आजोबा आले. इरलं बाहेर टेकवलं, हात धोतराला पुसले आणि सीडी कडेला धरून दिव्याखाली फिरवत बसले. मला वाटलं, चला, बोहनी झाली. विचारतात, "हे लावायचं कशात?" आता काय सांगू? प्लेअर आपण विकतच नाही. ते याच हेड ऑफिसनं तीन वर्षांमागं 'माल हलत नाही' म्हणून बंद केले. दुकानात सात लॅपटॉप मांडलेत, एकालाही सीडी घालायची फट नाही. आजोबा जरा थांबले नि म्हणाले, "असू दे, चार द्या. शाळूवर पाखरं लई येतात, दोरीला टांगतो. चकाकत्यात."

आजवरची विक्री तेवढीच. रिपोर्टात 'ग्राहकवर्ग' असा रकाना असतो. मी लिहिलं, पाखरं. अजून उत्तर नाही.

हसलास ना? हस. पण त्या पोराचं वाक्य ऐकलं आणि रात्री झोप लागली नाही रे. 'बेळगावच्या माणसाला कॅसेटच लागते.' कोण म्हणालं होतं, २००३ साली, खडेबाजारातल्या आपल्या खोपटात? तू मोबाइल रिचार्जचं काउंटर टाकू म्हणत होतास, आणि मी तुला न विचारता ५०० कोऱ्या कॅसेटी उचलून आणल्या. गाणी भरून द्यायला! वर तुलाच 'धंद्यातलं काय कळतं तुला' म्हणालो. तू पुण्याची गाडी पकडलीस ती त्याच आठवड्यात.

काल माळ्यावर चढलो. उरल्यासुरल्या अजून आहेत. एक उघडली, तर फितीवर पांढरी बुरशी, आणि आतला तो लोकरीचा चिमुकला तुकडा गळून मांडीवर पडला. वेष्टनावर तुझं अक्षर, 'ए बाजू, ६ गाणी, पैसे बाकी'. कुणाचे बाकी होते देव जाणे. तुझे मात्र माझ्याकडे आहेत. त्या मालातले निम्मे पैसे तुझे होते, मी विषयच काढला नाही कधी. तूही नाहीस.

दिवाळीला येतोस तेव्हा देतो. व्याज मागू नकोस.

पोरीला कॉलेज मिळालं का? नव्या घराचे फोटो बघितले, गॅलरी झकास. वहिनींना नमस्कार.

तुझा,
पम्या

ता. क. सोबत कुंदा पाठवतोय. डब्याखाली दोन डीव्हीड्या आहेत, बिल माझ्या नावावर फाडलंय. आकडा सहावर तरी जाईल.