ग्रँट यांचे १८७१ साल विसरू नये

मा. संपादक,
स. न.

अमेरिकेच्या यादवी युद्धातले उत्तरेचे सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट यांच्यावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. व्हिक्सबर्गचा वेढा, ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचे सेनापती ली यांनी पत्करलेली शरणागती हे सारे सविस्तर आले. मात्र १८६९ ते १८७७ ही राष्ट्राध्यक्षपदाची आठ वर्षे 'घोटाळ्यांचा काळ' म्हणून दोन ओळींत उरकली. याचे फार वाईट वाटले.

घोटाळे झाले, हे खरेच. 'व्हिस्की रिंग' या व्हिस्कीवरील करचोरीच्या प्रकरणात त्यांच्या खासगी सचिवावरही खटला चालला. माणसे पारखण्यात हा सेनापती कच्चा होता. पण १८७० साली पंधराव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला, तेव्हा दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या गुप्त संघटनेचे लोक रात्री त्यांना घराबाहेर ओढून फटके मारत, ठार करत. स्थानिक न्यायालयांत गुन्हेगार सहीसलामत सुटत. ग्रँट यांनी एप्रिल १८७१ मध्ये काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकी संसदेकडून, कडक कायदा करून घेतला. ऑक्टोबरात साउथ कॅरोलायनातल्या नऊ काउंटींत हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा, अधिकार स्थगित केला आणि लष्कराकरवी शेकडो जणांना पकडले. ग्रँट सरकारचे ॲटर्नी जनरल, म्हणजे प्रमुख कायदा अधिकारी, ॲमॉस ॲकरमन हे स्वतः एकेकाळी दक्षिणेच्या सैन्यात होते; त्यांनीच हे खटले नेटाने उभे केले. ज्युरींमध्ये कृष्णवर्णीय नागरिक बसले! वर्षभरात क्लॅनचा कणा मोडला. माझ्या मते ॲपोमॅटॉक्सइतकाच हा विजय मोठा आहे.

आपल्याकडे तर हे ठाऊक असायलाच हवे. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' १८७३ साली, ग्रँट अध्यक्ष असतानाच, गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी जनतेला अर्पण केली. त्यात ग्रँट यांचे नाव नाही, पण ज्या कार्याचा तो गौरव होता ते तेव्हा त्यांच्या हाती होते. आणि स्वतः तंगीत असताना, १८५९ साली, त्यांनी विल्यम जोन्स या आपल्या गुलामाला विकून पैसा केला नाही, मुक्त केले.

पुढे १८७५ मध्ये मिसिसिपीच्या गव्हर्नरांनी मतदारांच्या रक्षणासाठी फौज मागितली, ती ग्रँट यांनी पाठवली नाही. तिथे निवडणूक दहशतीखाली झाली. टीका करायची तर यावर करावी. व्हिस्कीच्या करचोरीपेक्षा हा दोष कितीतरी गंभीर आहे.

क्लॅनच्या अत्याचारांवर काँग्रेसच्या समितीने घेतलेल्या साक्षींचे १३ खंड १८७२ साली छापले गेले. मार खाल्लेल्या स्त्रीपुरुषांच्या जबान्या त्यांत आहेत. पुढच्या एखाद्या पुरवणीत त्यांतल्या काही मराठीत द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा