ती पट्टी खणू नकोस

सातारा, ५ सप्टेंबर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

गौरी जेवायच्या दिवशी तुझा फोन आला, तेव्हा माझा एक हात पुरणात होता. तू म्हणालीस, "आई, ब्लूबॉनेटचं एकही बी उगवलं नाही. आता ती पट्टी खणून सरळ लॉन टाकतोय." मी नुसतं "बरं" म्हटलं. रात्री मात्र तेच डोक्यात घोळत राहिलं. फोनवर सांगावं तर तू "हो हो" म्हणतेस आणि मीटिंगला पळतेस. म्हणून वहीत लिहून काढते आहे. बाबा पानांचे फोटो काढून पाठवतील. अक्षराला नावं ठेवू नकोस.

सांगायचं ते एवढंच, की ती पट्टी खणू नकोस. तुझ्या त्या टेक्सासच्या निळ्या रानफुलाचं बी मेलेलं नाही. ते कुचर आहे.

कुचर म्हणजे काय, हे तुला काय सांगायचं? मटकीची उसळ खाताना दाताखाली खडा यावा तसा दाणा आला, की तू तोंड वाकडं करून तो ताटाच्या कडेला लावायचीस. तुझी आजी त्याला गणंग म्हणायची, आणि तोच शब्द ती तुझ्या मामालाही लावायची. हे दाणे रात्रभर भिजवा, तासभर शिजवा, जसेच्या तसे राहतात. त्यांच्या सालातून पाणी आतच जात नाही. मूठभर मटकीत असे चार-दोन निघतात. ब्लूबॉनेटचं उलटं आहे. तुझ्या पाकिटातले बहुतेक दाणे कुचरच असणार, आणि मऊ निघाले तर चार-दोन. ब्लूबॉनेटच कशाला, ते ज्यातलं त्या लुपिनच्या बहुतेक जातींची हीच तऱ्हा. ऊन, गारठा आणि मातीची घासाघीस सोसत ते साल हळूहळू झिजतं. कुणाचं पहिल्या वर्षी, कुणाचं तिसऱ्या. म्हणजे तू पेरलंस ते अजून तिथेच आहे.

त्यात तू पेरलंस एप्रिलमध्ये! मी तिथे असताना आपण रस्त्याच्या कडेला ते निळे पट्टे पाहिले, पिल्लूला त्यात बसवून फोटो काढले, आणि दुसऱ्याच आठवड्यात तू पाकीट आणलंस. तुझी हौस मला समजते. पण फुलं दिसतात तेव्हा पेरायचं नसतं. मार्चमध्ये हरभरा सोंगायला आला की कुणी हरभरा पेरतं का? हेही तसंच रब्बीचं पीक समज. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरायचं, थंडीभर रोप जमिनीला चिकटून बसतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये फुलतं. उन्हाळा आला की झाड मरतं आणि बी मागे ठेवून जातं. तुझ्या पेरणीतले जे चार मऊ दाणे उगवले असतील, ते तुमच्या जूनच्या उन्हात तुझ्या नजरेला पडायच्या आतच करपले असणार.

मला हे एवढं कसं कळतं, तर माझंही असंच फसलं होतं. गेल्याच्या गेल्या वर्षी नर्सरीतून वर्षायू लुपिनचं पाकीट आणलं होतं. तुमचं ब्लूबॉनेट नव्हे, त्याचं भावंड. दसऱ्याच्या सुमारास वीस बिया रात्रभर कोमट पाण्यात टाकल्या. सकाळी तीन फुगून दुप्पट झाल्या होत्या, बाकीच्या सतरा वाटीत खड्यांसारख्या वाजत होत्या. त्या खराब म्हणून मी कढीपत्त्याच्या कुंडीत फेकून दिल्या. फुगलेल्या तीन ट्रेमध्ये लावल्या. छान उगवल्या. मग मी शहाणीने वीतभर झाल्यावर त्या मोठ्या कुंडीत हलवल्या, आणि आठ दिवसांत तिन्हींनी माना टाकल्या. याचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं. ते दुखावलं की झाड पुन्हा उभं राहत नाही. जिथे वाढवायचं तिथेच पेरायचं, हे तेव्हा समजलं.

पुढच्या वर्षी, पाऊस सरल्यावर, कढीपत्त्याच्या बुडाशी एक अनोळखी रोप. बाबा तण म्हणून उपटायला निघाले होते. पण पान पाहिलं तर पंजासारखं, आणि पंजाच्या मध्यावर दवाचा एकच गोल थेंब, खिळ्याने ठोकून बसवल्यासारखा. हात लागला तरी हलेना. तेव्हा ओळख पटली. फेकलेल्या सतरांतला एक दाणा वर्षाने उठला होता.

नंतर मी बाकीच्या बिया रीतसर घासल्या. बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्याला आतून पॉलिश पेपर लावला, खरखरीत बाजू आत, बिया टाकल्या आणि पिल्लूच्या खुळखुळ्यासारखा दहा मिनिटं वाजवला. बियांची चकाकी गेली की पुरे. आतला पांढरा भाग दिसेपर्यंत घासलंस तर बी कुजेल. मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवायच्या. सकाळी फुगलेल्या तेवढ्या पेरायच्या, न फुगलेल्यांना पुन्हा डब्यात घालायचं. या वेळी वीसपैकी चौदा फुगल्या. दहाव्या दिवशी कुंडीत दोन-दोन जाड पानं वर आली.

पण हे वाचून सगळ्याच बिया घासत बसू नकोस. अर्ध्याच घास, अर्ध्या तशाच मातीत टाक. मी माणच्या कोरडवाहू घरात वाढले, म्हणून हे सांगते. मृगात पेरायचं, दोन सरी येऊन पाऊस दडी मारायचा, कोंब जळून जायचे, आणि दुबार पेरणीची पाळी यायची. ज्याने सगळं बियाणं पहिल्याच पेरणीत घातलं, त्याला सावकाराच्या दारात जावं लागायचं. तुझे आजोबा थोडं बियाणं कणगीत राखायचे, आणि घरात पोरं उपाशी असली तरी त्याला हात लावू द्यायचे नाहीत. ही वनस्पती तेच करते, फक्त तिची कणगी मातीत असते. टेक्सासमध्येही पावसाचा भरवसा नाही. सगळं बी एकदम उगवलं आणि पुढे महिनाभर कोरडं गेलं, तर वंशच संपला. सगळं बी मऊ असतं तर हे फूल तिथे टिकलं असतं असं मला वाटत नाही.

तुमच्या मातीबद्दल मी तिथेच बोलले होते, तू लक्ष दिलं नाहीस. ऑस्टिनच्या पूर्वेला तुमच्या भागात उघड्या रानात भेगा पाहिल्या आणि क्षणभर वाटलं, सोलापूर रोडला उभी आहे. ओली झाली की बुटाला चिकटणारी, वाळली की हात जाईल एवढी फाटणारी. आपल्याकडची रेगुर, म्हणजे कापसाची काळी माती, आणि तुमच्याकडची काळी माती एकाच जातकुळीची. कापूस तिकडेही त्याच मातीत पिकायचा. १९०१ मध्ये टेक्सासचं राज्यफूल ठरत होतं, तेव्हा कापसाचं बोंड आणि निवडुंगाचं फूल या दोघांना मागे टाकून ब्लूबॉनेट निवडून आलं. निवडुंगाची बाजू घेणारे गृहस्थ पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले, पण लोकांनी त्यांना 'कॅक्टस जॅक' हे नाव कायमचं चिकटवलं. गंमत म्हणजे तेव्हा निवडलेली जात रेताड जमिनीतली, जरा किरकोळ फुलाची. आपण पाहिली ती भरगच्च, वर पांढरा तुरा असलेली जात यादीत यायला १९७१ उजाडलं. सरकारी कामं तिकडेही अशीच म्हणायची.

तर काळ्या मातीत पाणी साचतं, आणि या झाडाला मुळाशी पाणी अजिबात चालत नाही. जुन्या पट्टीच्या शेजारी वीतभर उंच गादीवाफा कर. आपल्याकडे आलं लावायला करतात ना, तसा. चुनखडीची काळजी नको. बऱ्याच लुपिनना चुनखडीची जमीन मानवत नाही, पण ब्लूबॉनेट तर तुमच्या पश्चिमेच्या चुनखडीच्या टेकड्यांवर गोट्यांतून उगवतं. दिवसभर ऊन हवं, झाडाखाली पेरू नकोस. बी नखाएवढंच खोल, वरून पायाने दाबायचं. पेरल्या दिवशी पाणी द्यायचं, नंतर माती वर सुकली तरच. रोपं लहान असताना रोज पाणी घालशील तर बुडातून कुजतील. मी ते पाप केलं, चौदातली पाच तशीच गेली.

नत्राचं खत मुळीच घालू नकोस, नुसता पाला माजेल. हे हरभऱ्याच्या घराण्यातलं, मुळाच्या गाठींत स्वतःचं नत्र स्वतः तयार करतं. बाबांना हे ऐकून हुरूप आला. हरभऱ्याला लावायचं जिवाणू संवर्धक आणलं, दहा किलो बियाण्याला पाव किलोचं पाकीट, आणि माझ्या मूठभर बियांना गुळाच्या पाण्यात कालवून चोपडलं. उपयोग शून्य. मुंग्या तेवढ्या आल्या. प्रत्येकाचा जिवाणू वेगळा, हरभऱ्याचा याला चालत नाही. फुलं सरल्यावर एक झाड उपटून पाहिलं तर मुळावर एकही गाठ नाही. तुमच्या जमिनीत ब्लूबॉनेट मुळचंच, तेव्हा तुझ्याकडे दिसायला हवी. मे महिन्यात एक झाड उपट, गाठ नखाने फोड. आतून गुलाबी निघाली तर समज, ती काम करत होती. पिल्लूलाही दाखव.

पिल्लूवरून आठवलं. बी त्याच्या हाती लागू देऊ नकोस. कडू आणि विषारी असतं. इटलीत, इजिप्तमध्ये लुपिनची एक जात खातात खरी, पण ती कित्येक दिवस पाणी बदलत भिजवून, कडूपणा काढून. तुझ्या पाकिटातली ती नव्हे. भिजवून मोड आले म्हणून कौतुकाने उसळ टाकशील, तुझा नेम नाही.

डिसेंबर-जानेवारीत रोपं जमिनीवर पसरलेल्या चकतीसारखी दिसतील, महिना-महिना वाढणार नाहीत. ती खाली मुळं धरत असतात. गारठ्याची भीती त्यांना नाही. जावईबापूंना मात्र आधीच दाखवून ठेव, ते साफसफाईला निघाले की कुणाचं ऐकत नाहीत. आणि फुलं आली की एक तुरा जवळून बघ. लेडी बर्ड जॉन्सन सेंटरमध्ये, त्या रानफुलांच्या बागेत, आपण गेलो होतो, तिथे मी बाकड्यावर बसून अर्धा तास हेच पाहत होते आणि तुम्हाला वाटलं मी दमले. प्रत्येक फुलाच्या पाकळीवर पांढरा ठिपका असतो. पाच-सहा दिवसांनी फूल जुनं झालं की तोच ठिपका कुंकवासारखा लालसर होतो. खालची फुलं कुंकू लावलेली, वरची पांढऱ्या ठिपक्याची. मधमाश्या वरच्या पांढऱ्यांवर जात होत्या, लालांकडे ढुंकून पाहत नव्हत्या. त्यात पराग उरलेला नसतो, हे त्यांना ठिपक्यावरून कळतं.

फुलं सुकली की सगळं मरगळलेलं, पिवळं दिसतं. त्याच वेळी तुमचा गवत कापणारा येईल. गेल्या वर्षी तुझ्या शेजारणीच्या दारातली सगळी झाडं शेंगा हिरव्या असतानाच कापली गेली, तिचा चेहरा मी पाहिला होता. शेंगा तपकिरी होईपर्यंत दीड-दोन महिने थांबायचं. सोसायटीचं पत्र आलं तर येऊ दे. पिकलेल्या शेंगा दुपारच्या उन्हात तडकतात, टक् असा आवाज येतो, आणि साल पिळवटून बी लांब उडतं. दोन-चार शेंगा तडकायच्या आत कागदी पिशवीत धरून ठेव, पुढच्या वर्षाला होतील.

मला मात्र आणू नकोस. "येताना तुला थोडं बी आणते" म्हणालीस, त्याची गरज नाही. बाहेरचं बी परवान्याशिवाय आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय देशात आणता येत नाही, २००३ चा तसा आदेशच आहे. विमानतळावर चार दाण्यांसाठी शोभा नको. आणि माझ्या गच्चीवर मार्चच्या उन्हात लुपिनचे हाल होतात. फेब्रुवारीत तीन आठवडे फुललं, मग मावा पडला आणि संपलं. तेवढं मला पुरे. निळं बघायची हौस इथेही भागते, कासला सध्या सीतेची आसवं भरात आहेत. बाबांनी रविवारचं बुकिंग केलंय. तिथेही लोक फोटोसाठी फुलांतच बसतात, मला राग येतो, आणि मग पिल्लूला ब्लूबॉनेटमध्ये बसवणारी मीच होते हे आठवतं.

पाकिटात बी उरलं असेल तर या शनिवारी डबा वाजव. रविवारी सकाळी किती फुगलं तेवढं कळव.

तुझी,
आई

ता. क. पॉलिश पेपर बारीक नको, मध्यम घे. जावईबापूंच्या गॅरेजमध्ये डावीकडच्या खणात आहे, मी पाहून ठेवलाय.