चाकू लावण्याआधी : मित्रास पत्र

नाशिक,
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रमोद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. दिंडोरी तालुक्यात मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू झालास आणि लगेच पी.एम.ची (शवविच्छेदनाची) ड्यूटीही वाट्याला आली, हे वाचले. जखम दिसते त्या केसची तुला धास्ती नाही. पण रात्री जेवून झोपलेला चाळिशीतला माणूस सकाळी उठलाच नाही आणि अंगावर ओरखडासुद्धा नाही, तिथे कारण कसे काढायचे, असे तू विचारतोस. हे फोनवर सांगून भागणारे नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

शव पहिल्यांदा उघडायची संधी एकदाच मिळते. प्रत्येक छेद काहीतरी दाखवतो आणि दुसरे काहीतरी कायमचे घालवतो. म्हणून कारण हाती लागते की निसटते, हे बहुतेक वेळा कापण्याच्या क्रमावर आणि कोणत्या बरणीत काय घातले यावर ठरते.

पोलिसांचे कागद आधी नीट वाच. १ जुलै २०२४ पासून मरणोत्तर पंचनामा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. जुने हवालदार अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले १७४ म्हणतात, ते हेच. विवाहितेच्या लग्नाला सात वर्षे झाली नसतील तर तहसीलदारांचा पंचनामा आहे का ते बघ, नसेल तर चाकू लावू नकोस. पंचनाम्यात बहुधा 'संशय नाही' एवढेच लिहिलेले असते, तेव्हा नातेवाइकांना स्वतः विचार. 'अटॅक आला' हे त्यांचे मत झाले. तुला हवे ते वेगळेच: शेवटचे जिवंत कोणी पाहिले आणि किती वाजता, घाम आला होता का, पूर्वी कधी चक्कर येऊन पडला होता का, फिट येत होती का, कोणत्या गोळ्या चालू होत्या, सख्ख्या नात्यात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे का.

आपल्या भागात आणखी तीन प्रश्न विचारायलाच हवेत.

पहिला, कुठे झोपला होता? जमिनीवर अंथरूण आणि पहाटे पोटात दुखून उलट्या, पापण्या जड, मग बोलणे अस्पष्ट, असे कोणी सांगितले तर मण्यार मनात आण. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही, खूण सुईच्या टोकाएवढी. हातापायांच्या बोटांच्या बेचक्या, कानामागची कातडी, केसांतला भाग चांगल्या उजेडात भिंगाने बघ. खूण सापडली तर तिच्याभोवतीची कातडी खालच्या मांसासह घे आणि दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेचा तेवढाच तुकडा तुलनेसाठी वेगळ्या बरणीत ठेव.

दुसरा, बाथरूममध्ये सापडला का, आणि तिथे गॅस गिझर आहे का? थंडी पडली की खिडकी बंद ठेवून अंघोळ करतात आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. मरणोत्तर डाग (मृत्यूनंतर रक्त खालच्या बाजूला उतरून पडतात ते) चेरीसारखे लाल दिसतात असे आपण पुस्तकात शिकलो, पण सावळ्या कातडीवर तो रंग सहज कळत नाही. ओठांची आतली बाजू, नखे आणि उघडल्यावर स्नायू बघ. शव शीतपेटीत ठेवले असेल तर डाग नुसत्या थंडीनेही गुलाबी होतात, त्यामुळे रंगावर विसंबू नकोस. रक्त पाण्यात पातळ करून त्यात १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाक. साधे रक्त लगेच हिरवट तपकिरी होते, कार्बन मोनॉक्साइडचे काही वेळ गुलाबीच राहते. हा फक्त इशारा, पुरावा म्हणजे कार्बॉक्सिहिमोग्लोबिनचे, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडशी जोडल्या गेलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण. त्यासाठी रक्ताची नळी तोंडापर्यंत भरून बूच घट्ट लाव. आणि बाथरूम म्हटले की विजेचा धक्काही वगळावा लागतो. ओल्या कातडीवर त्याची खूण उमटेलच असे नाही, म्हणून हीटर, वायर आणि अर्थिंग तपासायला पोलिसांना लेखी कळव.

तिसरा प्रश्न द्राक्षबागेचा. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते अंगात गेलेल्या माणसाने दारू घेतली तर दारूपासून शरीरात तयार होणारे विषारी अॅसिटाल्डिहाइड साचते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, श्वास लागतो, रक्तदाब कोसळतो. घरचे सांगतील, 'थोडीशीच घेतली होती.' माणूस त्या दिवशी काय काम करून आला होता हे विचारलेच नाहीस, तर व्हिसेरा (तपासणीला पाठवलेल्या अवयवांच्या) रिपोर्टमध्ये नुसती दारू येईल आणि फाइल बंद होईल. औषधाच्या डब्यावरचे नाव पोलिसांकडून मागवून घे आणि प्रयोगशाळेच्या पत्रात लिही. काय शोधायचे ते सांगितले नाही तर नेहमीच्या चाचण्यांत असे रसायन सुटू शकते.

बाहेरची तपासणी तुला येते. एवढेच ध्यानात ठेव की मृत्यूनंतरचा ताठरपणा साधारण बारा तासांत पुरा होतो हे समशीतोष्ण हवेचे गणित आहे, एप्रिल-मे महिन्यात तो लवकर येतो आणि लवकर उतरतो. खोलीचे तापमान शरीराएवढेच असेल तर शव थंडच होत नाही. अशा दिवसांत मृत्यूची वेळ नेमक्या तासात सांगण्याच्या फंदात पडू नकोस. तोंडातून येणारा लालसर द्रव कुजण्यानेही येतो. डाग आणि मुका मार यांत शंका आली तर तिथे छेद दे: डागातले रक्त पाण्याने धुऊन जाते, माराचे ऊतींत मुरलेले असते.

आता क्रम. छाती-पोट उघडण्याआधीच जांघेतल्या फिमोरल शिरेतून १० मिलि रक्त घे. हृदयातले रक्त चालत नाही, कारण मृत्यूनंतर जठर, यकृत आणि फुप्फुसांतले औषध तिकडे झिरपते आणि आकडा खोटाच वाढतो. मग डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून बारीक सुईने नेत्रकाचद्रव (डोळ्याच्या आतला पारदर्शक द्रव) हळूहळू ओढ आणि तेवढेच पाणी आत सोड, म्हणजे डोळा खोल जात नाही. त्यातली साखर दर डेसिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर मधुमेह बिघडलेला होता हे धरायला हरकत नाही. कमी असेल तर मात्र अर्थ काढू नकोस, ती मृत्यूनंतर आपोआप उतरते. कुजलेल्या शवात जंतूच अल्कोहोल तयार करतात, तिथेही रक्ताचा आकडा या द्रवाशी ताडून पाहावा लागतो.

छातीत हवा साचल्याचा संशय असेल तर कातडी सोडवून बरगड्यांलगत खोलगट जागा कर, तिथे पाणी भर आणि पाण्याखाली बरगड्यांमधून टोच. बुडबुडे आले तर उत्तर मिळाले. छाती एकदा उघडली की ही चाचणी गेली. फुप्फुस धमनीचेही तसेच आहे. हृदय बाहेर काढण्याआधी, जागेवरच ती उघडून आत बोट घाल. नाहीतर गुठळी हृदयाबरोबर निघून ट्रेमध्ये पडते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. जिवंतपणीची गुठळी कोरडी आणि ठिसूळ असते, पट्टे दिसतात, पायाच्या शिरेचा आकार घेतलेली असते. मेल्यानंतरची ओलसर, चकचकीत आणि लवचिक असते. अशी गुठळी सापडली तर दोन्ही पोटऱ्या मागून उघडून बघ. मानेवर जरा जरी शंका असेल तर डोके आणि छाती आधी मोकळी कर, रक्त निथळू दे, मग मान थराथराने सोडव. उलट केलेस तर चाकूने झालेला रक्तस्राव गळा दाबल्याचा वाटतो.

हृदयाला मात्र वेळ दे, कारण प्रौढांच्या अचानक मृत्यूत सर्वाधिक उत्तरे तिथेच असतात. आतले रक्त धुऊन मगच वजन कर. प्रौढ पुरुषाचे साधारण ३०० ग्रॅम, पण शरीराच्या वजनाशी ताडून बघ. कोरोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्या लांबट उभ्या चिरायच्या नाहीत. भेंडी चिरतो तसे दर ३ मिलिमीटरवर आडवे काप घे. उभी कात्री घातली की गुठळी पुढे ढकलली जाते आणि किती अरुंद होती तेही कळत नाही. ७५ टक्के किंवा जास्त अरुंद असेल तर ते मृत्यूचे कारण ठरू शकते, पण बाकी सगळे वगळल्यावर. अशा धमन्या घेऊन लोक वर्षानुवर्षे जगतात आणि एक दिवस विषाने मरतात. कॅल्शियममुळे धमनी कडक असेल तर ओरबाडू नकोस, मोकळी करून पॅथॉलॉजिस्टकडे पाठव.

सगळ्यात मोठी फसगत इथे होते: माणूस तासाभरात गेला असेल तर इन्फार्क्ट (रक्त न मिळून मेलेला हृदयस्नायूचा भाग) डोळ्यांना दिसतच नाही. तो दिसायला माणसाला निदान सहा ते बारा तास जगावे लागते. म्हणून 'हृदय नॉर्मल' असे ठोकून देऊ नकोस. हृदय ताजे असताना काप १ टक्का टेट्राझोलियमच्या द्रावणात ३७ अंशांवर १५-२० मिनिटे ठेवले तर जिवंत स्नायू विटकरी होतो आणि मेलेला फिका राहतो, पण त्यालाही काही तासांचा इन्फार्क्ट लागतो आणि फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या हृदयावर ही चाचणी होत नाही. डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत मोज. १५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल आणि मधला पडदा बाजूच्या भिंतीहून फुगलेला असेल तर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचा, म्हणजे हृदयस्नायू जाड होण्याच्या आजाराचा विचार कर. मायोकार्डायटिसमध्ये हृदयस्नायूचा दाह ठिपक्याठिपक्यांनी असतो, एकाच तुकड्यात सापडेलच असे नाही. डाव्या जवनिकेची पुढची, बाजूची व मागची भिंत, पडदा आणि उजवी जवनिका, असे निदान पाच तुकडे हवेत.

मेंदूबद्दल एवढेच: तळाशी रक्त पसरलेले दिसले तर फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी पाण्याच्या बारीक धारेखाली धमन्यांचे वर्तुळ मोकळे कर आणि धमनीच्या भिंतीला आलेला फुगा शोध. रक्त गोठून कडक झाले की तो फुगा सापडणे फार अवघड.

आता बरण्या. सगळ्यात जास्त केस इथेच वाया जातात, आणि ते थांबवणे सर्वस्वी तुझ्या हातात आहे. रासायनिक तपासणीसाठी जठर त्यातल्या द्रवासह, लहान आतड्याचा सुरुवातीचा ३० सेंटिमीटर भाग, यकृत ५०० ग्रॅम, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग, हे सारे मिठाच्या संपृक्त द्रावणात. तळाशी मीठ न विरघळता राहिले पाहिजे. बरणी दोन तृतीयांशच भर, नाहीतर वायूने झाकण उडते. रक्तात दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम सोडियम फ्लुओराइड आणि ३ मिलिग्रॅम पोटॅशियम ऑक्झलेट. वापरलेल्या मिठाच्या द्रावणाचा नमुनाही सोबत हवा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे ते मात्र १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे बाजारच्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ, तुकड्याच्या दहापट तरी. हृदय मिठात गेले तर पॅथॉलॉजिस्टला काही वाचता येत नाही. जठर फॉर्मॅलिनमध्ये गेले तर विषाच्या चाचण्या बिघडतात. कर्मचारी घाईत दोन्ही बरण्या सारख्याच भरतो. लेबल तू स्वतः लिही, लाखेचे सील तुझ्यासमोर लागू दे आणि सीलचा ठसा पत्रावर घे. व्हिसेरा नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. हवालदाराची पोच घेतल्याशिवाय बरणी हातची सोडू नकोस.

अहवालात 'कार्डिओ-रेस्पिरेटरी फेल्युअर' लिहू नकोस, ते प्रत्येक मृताला लागू पडते. साखळी लिही: हृदयाच्या पिशवीत रक्त साचले, कारण भिंत फाटली, कारण डाव्या पुढच्या कोरोनरीत गुठळी. 'फुप्फुसे कंजेस्टेड' (रक्त साठलेली) हेही कारण नव्हे. मेल्यानंतर मऊ आणि लालसर पडलेले स्वादुपिंड बघून पॅन्क्रिएटायटिस (स्वादुपिंडाचा दाह) लिहिणारेही आहेत. ते स्वतःच्या रसाने लवकर विरघळते, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची प्रतिक्रिया दिसल्याशिवाय तसे लिहू नकोस. कळले नाही तर मत राखून ठेव आणि रिपोर्ट आल्यावर ते नक्की दे. राखून ठेवलेले मत वर्षभर पडून राहिले की विम्याचे पैसे अडकतात, घरचे खेटे घालत राहतात.

आणि सगळे रिपोर्ट नकारात्मक आले, माणूस तरुण असला, तर प्रकरण संपले असे समजू नकोस. ब्रुगाडा, लाँग क्यूटी असे आजार हृदयाच्या विजेच्या मार्गातले असतात, स्नायूवर खूण ठेवत नाहीत. म्हणून तरुण मृतांचे ५ मिलि रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत वेगळे काढून थंड ठेवायची सवय लाव, पुढे जनुकीय तपासणी करता येते. आईवडील, भावंडे आणि मुले यांना ईसीजी आणि इको करून घ्यायला सांग. हे समोर बसवून, सावकाश सांग, आणि चिठ्ठीवर लिहूनही दे. त्या दिवशी त्यांच्या काही लक्षात राहत नाही.

छाटणी सुरू होण्याआधी कपाटातले फॉर्मॅलिन, फ्लुओराइडच्या नळ्या आणि लाख मोजून घे, कमी असेल तर आत्ताच मागणी टाक. अडलास तर केस चालू असतानाच फोन कर, शिवल्यावर नको.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश