बापूंना, कालिदासाच्या चित्रकारांबद्दल

आदरणीय बापू,
सा. न.

चोपड्याहून एसटीने अमळनेरला येऊन तुम्ही आमच्या नाटकाच्या पोरांकडून कालिदासाचं ‘मालविकाग्निमित्र’ वाचून घेतलंत, त्याचे हे जाहीर आभार. समोर म्हटलं असतं तर ‘राहू दे बेटा’ म्हणून तुम्ही विषयच बदलला असता.

पोरांना प्रेमकथेची ओढ. तुम्ही मात्र आधी गणदास आणि हरदत्त या नाट्याचार्यांचं भांडण उघडलंत. श्रेष्ठ कोण? नाटकातली परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी, म्हणते, कुणाच्या स्वतःच्या अंगी कला उत्तम असते, कुणाला ती दुसऱ्यात उतरवता येते. दोन्ही साधेल तोच शिक्षकांत पहिला. म्हणून परीक्षा गुरूंची, पण नाचायला उभी राहते शिष्या, मालविका. हे तुम्ही अहिराणीत समजावलंत आणि मालविका करणारी आमची पोर एकदम ताठ बसली.

मग चित्रांचा विषय निघाला. अग्निमित्र राजाने मालविकेला आधी चित्रातच पाहिलेलं. ती समोर आल्यावर त्याला वाटतं, चित्रकाराची समाधीच, म्हणजे एकाग्रताच, सैल पडली असणार. एवढं सांगून तुम्ही पिशवीतून ‘शाकुंतल’ काढलंत. सहाव्या अंकात दुष्यंत स्वतःच चित्रकार. मन ओतूनही त्याला वाटतं, शकुंतलेचं लावण्य रेषेत थोडंसंच उतरलं. शिवाय अजून काय काय काढायचंय ते तो सांगतो: मालिनी नदी, वाळूत बसलेली हंसांची जोडी, हिमालयाच्या पायथ्याशी विसावलेली हरणं, फांदीवर वल्कलं टांगलेलं झाड आणि त्याखाली काळविटाच्या शिंगावर डावा डोळा खाजवणारी हरिणी.

तिथे तुम्ही पुस्तक मिटलंत. शिंगाच्या टोकाला डोळा लावायचा तर केवढा भरवसा हवा, म्हणालात. शकुंतलेचा तोच भरवसा राजाने मोडलेला आहे, हे पोरांना आपसूक कळलं. मला तर आणखी एक दिसलं. हरिणी अजून चित्रात आलेलीच नाही, तरी ऐकणाऱ्याला ती पुरती दिसते. राजाच्या कुंचल्याचं जे राहून गेलं, ते कवीने चार ओळींत करून दाखवलं. चित्रापेक्षा कविता कुठे पुढे जाते, हे कालिदास कुठलीही व्याख्या न देता सांगतो. तुम्ही तिथे थांबला नसतात तर मी तो श्लोक सुंदर वर्णन म्हणून वाचून पुढे गेले असते.

दिवाळीनंतर हाच सहावा अंक बसवायचा आहे. पोरं तुमचीच वाट पाहताहेत. सवडीचा रविवार कळवा. स्टँडवर घ्यायला मी येते.

तुमची,
नाटकवाली पोर, अमळनेर