ओवीतली 'मी' कोणाची, हे उलगडून दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

मालगुंड आणि आसपासच्या वाड्यांमधल्या बायकांकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे हस्तलिखित आता छपाईला जाण्याच्या बेतात आहे. त्याची आजची मांडणी ज्या विचारावर उभी आहे तो आपला आहे, आणि ऋणनिर्देशातल्या एका ओळीत तो आटोपण्याजोगा नाही, म्हणून हे अनावृत पत्र लिहीत आहे.

ओव्या विषयवार लावण्याची पद्धत जुनी आणि सोयीची आहे. दापोलीजवळच्या पालगडचे साने गुरुजी यांनीही 'स्त्रीजीवन'मध्ये तीच स्वीकारली होती. माझ्याही हस्तलिखितात माहेर, भाऊ, लेक, देव असेच विभाग होते. मात्र प्रत्येक विभागात एक प्रश्न शिल्लक राहत होता. सख्खा भाऊ नसलेली बाई भाऊबीजेची ओवी तितक्याच ओढीने म्हणते आणि जिला सासूने लेकीसारखे वागवले तीही सासुरवासाच्या ओव्या गाते, तेव्हा त्या ओवीतली 'मी' कोणाची? तिला गाणारीचे आत्मकथन म्हणावे तर ते खरे ठरत नाही, आणि केवळ परंपरेचा भाग म्हणून बाजूला सारावे तर त्या आवाजातला जिव्हाळा हिशेबातच येत नाही.

आपण ते हस्तलिखित ओळीओळीने वाचलेत आणि ओवीबद्दल काही बोलण्याआधी मला अभंगाकडे नेलेत. मोठ्या अभंगाचे चार चरण, अक्षरे ६, ६, ६ आणि ४, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे, हे मी शाळेपासून ऐकत आले होते. आपण 'तुका म्हणे माझे' एवढाच सहा अक्षरांचा चरण बोटांवर मोजून दाखवलात. पहिल्या चार अक्षरांत कवी स्वतःच्या बाहेर उभा राहून स्वतःचे नाव घेतो, तृतीय पुरुषात बोलतो, आणि उरलेल्या दोन अक्षरांत पुन्हा आत येऊन 'माझे' म्हणतो. कथाकाराला निवेदक बदलायचा तर नवा परिच्छेद लागतो, नवे प्रकरण लागते. अभंगात मात्र ही ये-जा एका चरणाच्या आत घडते, आणि ती घडावी म्हणून रचनेने शेवटच्या कडव्यात जागाच राखून ठेवलेली असते. नाममुद्रा म्हणजे कवीची सही, एवढेच त्याआधी मला कुणी सांगितले होते. ती निवेदनाचा कोन फिरवणारी जागा आहे, हे आपल्यामुळे कळले, आणि त्या दिवसापासून मी एकही अभंग पूर्वीसारखा वाचलेला नाही.

त्यानंतर आपण एकनाथांचे रोडग्याचे भारूड घेतलेत. त्यात भवानीपाशी नवस बोलणारी सून संपूर्ण भारूडभर प्रथमपुरुषात बोलते, आणि शेवटच्या कडव्यात 'एका जनार्दनी' ही पुरुषाची मुद्रा व 'एकटीच राहू दे मला' हे स्त्रीचे मागणे एकमेकांना खेटून येतात. सोंग उतरवलेले नाही आणि सोंग घेणाराही लपलेला नाही. पुरुषच स्त्रीची सोंगे घेतात तो दशावतार बघत वाढलेल्या आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, असे आपण म्हणालात, आणि ते मला मनापासून पटले.

मालगुंडला, केशवसुतांच्या गावात बसून सुनीताचा, म्हणजे सॉनेटचा, विषय निघणे साहजिकच होते. चौदा ओळींत आठव्या ओळीनंतर विचाराला मिळणारे वळण आणि अभंगाच्या शेवटी आवाजाला मिळणारे वळण यांतला फरक आपण सांगितलात. त्यावर कधीतरी आपणच सविस्तर लिहावे, अशी माझी विनंती आहे.

एवढे झाल्यावर आपण ओवीकडे वळलात. जात्यावरच्या ओवीला नाममुद्रा नसते. त्यामुळे 'मी'मधून बाहेर पडण्याची ती राखीव जागा तिथे नाही आणि ती 'मी' कुणा एकीच्या नावावर चढत नाही. समोरासमोर बसून जाते ओढणाऱ्या दोघींपैकी एक ओळ उचलते आणि दुसरी ती पुरी करते, तेव्हा ती दोघींची असते. बोलणारी कोण हे ठरवण्याचा आग्रह सोडून ती कुणाशी बोलते हे पाहावे, असे आपण सुचवलेत. सईशी म्हणजे मैत्रिणीशी, भावाशी, प्रत्यक्ष जात्याला ईश्वर म्हणून, की कुणाचेच नाव न घेता? त्याप्रमाणे सगळ्या ओव्या मी पुन्हा लावल्या. एरवी चार विभागांत विखुरलेल्या ओव्या शेजारी आल्या आणि त्यांचा सूर जुळला. भावाला उद्देशून म्हटलेली ओवी आणि भावाविषयी सईला सांगितलेली ओवी यांचा विषय एकच असला तरी पहिलीत आर्जव आहे आणि दुसरीत अभिमान आहे. विषयवार मांडणीत हा फरक दिसतच नव्हता.

ओळी आटोपशीर दिसाव्यात म्हणून छापताना 'गं' आणि 'बाई' हे शब्द गाळण्याची रीत आहे. ते एकही गाळू नयेत, हा आग्रहही आपलाच. ती नुसती गाण्याची भर नसून ऐकणारीची जागा आहे, हे आपले म्हणणे मी प्रस्तावनेत आपल्या परवानगीने जसेच्या तसे घेतले आहे.

सीतेच्या वनवासाच्या ओव्यांचा विभाग मात्र अजून कच्चा आहे. पहिल्या ओळीत 'सीता' असते आणि दुसऱ्या ओळीत तीच 'मी' होऊन बोलू लागते, अशा ओव्या स्वतंत्र ठेवाव्यात की सईला सांगितलेल्या ओव्यांमध्ये घालाव्यात, याचा निर्णय मी राखून ठेवला आहे. त्या पानांची नवी प्रत या पत्रासोबत पाठवीत आहे. आपल्या सवडीने वाचून समासात खुणा कराव्यात. त्या हाती आल्यावरच तो विभाग छपाईला देईन.

आपली कृतज्ञ,
एक ओवीसंग्राहक